रिकामे डबे, बरण्या आणि खोकी: काय ठेवायचं आणि कशासाठी

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाड्याचं वन बीएचके, अकरा महिन्यांचा करार, घरात सासूबाई आणि दोन लहान मुलं. श्रीखंडाचे डबे, जॅमच्या बरण्या, मिठाईची आणि ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी माळ्यावर आणि गॅलरीत साठली आहेत. सासूबाई काही टाकू देत नाहीत, यजमान म्हणतात सगळं भंगारात घाला. विकतचे ऑर्गनायझर घ्यायचे नाहीत. मग यातलं कामाचं काय, कशात काय ठेवावं, आणि खाण्याच्या वस्तूंना हे प्लास्टिक चालतं का?

ताई, मी घरं लावून द्यायचं काम करते. नव्या घरी गेले की बहुतेक वेळा दोन गोष्टी एकदम दिसतात. माळ्यावर पोतंभर रिकामे डबे, आणि ओट्यावर रबर लावून दुमडलेली उघडी पाकिटं. एवढे डबे असून पाकीट उघडंच राहतं, कारण किलोच्या पाकिटाला पाऊण किलोचा डबा आहे, किंवा झाकण आहे ते भलत्याच डब्याचं, किंवा हवा तो डबा माळ्यावर आणि स्टूल शेजारणीकडे.

तेव्हा सुरुवात डब्यांपासून करू नका. वही घेऊन घरभर फिरा आणि जिला ठरलेली जागा नाही अशी प्रत्येक वस्तू लिहून काढा. रव्याचं अर्धं पाकीट, मुलांचे खडू, चार्जरच्या वायरी, औषधांच्या पट्ट्या, शिवणाचं सामान, विजेची बिलं, गणपतीच्या आराशीच्या माळा. मग ही यादी हातात धरून माळ्यावरचा ढीग खाली काढा. यादीतल्या कशाला तरी जो डबा लागतो तो राहतो, ज्याला आज काम नाही तो जातो. "कधीतरी लागेल" यासाठी फक्त एक खोकं ठेवा, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं. ते भरलं की नवा डबा आत जाताना जुना बाहेर निघाला पाहिजे. डबा फुकट मिळतो, पण डोंबिवलीत माळ्याचंही भाडंच भरतोय आपण.

आता स्वयंपाकघर, कारण खरा फायदा तिथेच आहे.

सगळ्यात जास्त फसगत मापात होते. एक लिटरच्या बरणीत किलोभर जिन्नस मावेल असं वाटतं, पण मावतं फक्त मीठ. साखर साधारण साडेआठशे ग्रॅम बसते, तांदूळ आणि तूरडाळ आठशेच्या आसपास, कणीक साडेपाचशे-सहाशे. जाडे पोहे तर अर्धा किलोसुद्धा बसत नाहीत. म्हणजे किलोचं पाकीट एका दमात रिकामं व्हायचं असेल तर डाळ-तांदळाला दीड लिटर आणि कणकेला दोन लिटर हवेत. बरणीवर लिहिलेलं वजन आपल्या कामाचं नाही, ते आतल्या जॅमचं किंवा तुपाचं असतं. मापाच्या भांड्यानं पाणी ओतून एकदा मोजा आणि तळाला मार्करनं लिहून ठेवा. उरलेलं पाव पाकीट परत रबर लावून ठेवायची वेळ आली की तो डबा असून नसल्यासारखाच.

दुसरं, एका जातीचे डबे गोळा करा. पाच कंपन्यांच्या पाच सुंदर बरण्यांपेक्षा एकाच तुपाच्या आठ साध्या बरण्या केव्हाही बऱ्या. त्या रांगेत घट्ट बसतात, एकावर एक राहतात, आणि मुख्य म्हणजे झाकणं एकमेकांना चालतात. जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची, तिथेही मापं एकमेकांशी जुळलेलीच असत. घरात नेमानं येणारी वस्तू कोणती ते बघा. तूप, कॉफी, मध, पीनट बटर, काहीही असो. तीच बरणी साठवायची आणि बाकीच्यांचा मोह सोडायचा. दोन-चार महिन्यांत सेट तयार होतो.

मोठे डबे हवे असतील तर दोन ठिकाणं सांगते. किराणा दुकानदाराकडे गोळ्या-चॉकलेटच्या मोठ्या पारदर्शक बरण्या रिकाम्या होत असतात. ओळखीचा असेल तर फुकट देतो, नाहीतर किरकोळ पैशांत. आणि ओळखीत कुणी जिमला जाणारं असेल तर त्याच्याकडचे प्रोटीन पावडरचे डबे मागून घ्या. तोंड रुंद, प्लास्टिक जाड, झाकण आट्यांचं. किलोभर पावडरच्या डब्यात दोन किलो तांदूळ आरामात बसतात. वास मात्र चिवट असतो. साबणानं धुऊन, खाण्याचा सोडा घातलेलं पाणी रात्रभर ठेवून, मग दोन ऊन दाखवा.

डब्याची किंमत त्याच्या झाकणात असते. आट्यांचं झाकण दाबाच्या झाकणापेक्षा जास्त वर्षं टिकतं. दाबाच्या झाकणाची कड उघडमिटीनं सैल पडते आणि कोपऱ्याला चीर जाते. परीक्षा सोपी आहे. अर्धं पाणी भरा, झाकण लावा आणि कोरड्या कागदावर उलटं ठेवून अंघोळ करून या. कागद ओला झाला असेल तर तो डबा धान्याला नको, त्यात बटणं नाहीतर पेनं ठेवा. काचेच्या बरणीला लोणच्याचा वास येतो म्हणतात, तो काचेला धरत नाही, झाकणाच्या आतल्या मऊ चकतीला धरतो. म्हणून बरणी पुनःपुन्हा घासण्यात अर्थ नाही. झाकण सोड्यानं चोळून दोन-तीन दिवस उलटं उन्हात ठेवा. तरीही वास गेला नाही तर त्या बरणीत लसणाची चटणी ठेवा, तिला चालतं. पत्र्याच्या झाकणाच्या बरणीत मीठ, चिंच, आमसूल, लोणचं ठेवायचं नाही. मीठ आणि आंबट यांनी झाकणावरचा लेप जिथे खरचटला असेल तिथून गंज चढतो आणि तो आत गळतो.

बरणी भरण्याआधी ती खरोखर वाळलेली हवी. पावसाळ्यात धुऊन पुसलेल्या बरणीच्या आट्यांत पाणी राहतंच, आणि मग रव्याला वरून बुरशी धरते. बरण्या धुवायचं काम ऑक्टोबरच्या उन्हात नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये उरका, वाळवणाच्या दिवसांत गच्चीवर जागा असतेच. टोके आणि पोरकिडे बरेचदा धान्याबरोबरच घरात येतात, त्यामुळे घट्ट झाकणानं ते मरत नाहीत. फक्त एका बरणीतले शेजारच्या बरणीत जात नाहीत, आणि तेवढंही पुष्कळ आहे. रवा हलका भाजून, पूर्ण गार करून भरा. गरम भरलात तर आत वाफ धरते.

स्टिकर काढायला नखं झिजवू नका. कागद कोमट पाण्यात सोलून घ्या, मग उरलेल्या चिकटाला खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा कालवून फासा, अर्ध्या तासानं घासणीनं निघतं. नाव कुठे लिहायचं यालाही महत्त्व आहे. बरणी ट्रॉलीत, म्हणजे ओट्याखालच्या ओढायच्या कप्प्यात, जाणार असेल तर नाव झाकणावर, फळीवर जाणार असेल तर पोटावर. मूगडाळ आणि उडीदडाळ दिसत असल्या तरी भरल्याची तारीख दिसत नाही, ती लिहा.

आता प्लास्टिकचं. डब्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. तो प्लास्टिकची जात सांगतो, दर्जा सांगत नाही. १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्यांचं. २ म्हणजे एचडीपीई, दुधट रंगाचे जाड डबे. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, श्रीखंड-दह्याचे डबे बहुधा या जातीचे असतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातलाच. ७ म्हणजे इतर सगळं. ज्या डब्यातून खाण्याची वस्तू आली त्यात कोरडी, गार, खाण्याची वस्तू ठेवायला माझी हरकत नसते, १, २ आणि ५ या तिन्हींना. गरम मात्र कशातच नको. पेट सत्तर-पंचाहत्तर अंशांनाच मऊ पडू लागतं, उकळतं पाणी ओतलं तर बाटली डोळ्यांदेखत आक्रसते. पॉलिप्रॉपिलीन जास्त उष्णता सोसतं, तरी श्रीखंडाचा डबा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. तो तशा वापरासाठी केलेला नसतो, पातळ भिंत वाकडी होते.

श्रीखंडाच्या डब्याबद्दल मला फ्रिजपुरतं प्रेम आहे. निवडलेली कोथिंबीर, ओलं खोबरं, सोललेला लसूण, इडलीच्या पिठाचा उरलेला वाटीभर ऐवज, सगळ्याला तो बरा. वर्षभराचं तेल-तिखट त्यात ठेवू नका. तेलकट, आंबट आणि तिखट पदार्थ प्लास्टिकमध्ये मुरतात आणि प्लास्टिकमधलंही थोडं ओढून घेतात, त्यांना काच किंवा स्टीलच हवं. हळदीनं पिवळा पडलेला डबा फेकू नका, दोन दिवस कडक उन्हात उघडा ठेवा. हळदीचा रंग उजेडानं उडतो, घासून जात नाही तो आपोआप जातो. आतून ओरखडे पडलेला, पांढुरका झालेला, कड चिरलेला डबा मात्र अन्नातून निवृत्त. तीच गोष्ट हॉटेलच्या पार्सलच्या पातळ डब्यांची. मी ते अन्नाला पुन्हा वापरत नाही, पण स्क्रू, खिळे, टाचण्या, मण्यांना त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, आतलं दिसतं.

डब्याच्या तळाला वर्तमानपत्र घालायची सवय असेल तर ती सोडा. शाईतलं जे असतं ते तेलकट पदार्थात उतरतं. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या पॅकेजिंगविषयीच्या २०१८ च्या नियमांनी खाद्यविक्रेत्यांनासुद्धा अन्न बांधायला आणि ठेवायला वर्तमानपत्र वापरण्याची मनाई केली आहे. चकल्यांखाली साधा कोरा कागद घाला.

एका बाबतीत मात्र सासूबाईंशी वाद घालावा लागला तरी घाला. फिनेल, ॲसिड, टर्पेंटाइन, रॉकेल यांतलं काहीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. दारावर सुटं फिनेल विकणारा अशाच बाटल्यांतून देतो आणि ती मोरीच्या कोपऱ्यात उभी राहते. तहानलेलं लहान मूल बाटली ओळखतं, आतला रंग ओळखत नाही. उलट बाजूनं, फवारणीच्या औषधाचा, रंगाचा, टॉयलेट क्लीनरचा डबा कितीही धुतला तरी त्यात खाण्याची वस्तू जात नाही. आणि गोळ्या-औषधं चॉकलेटच्या बरणीत किंवा बिस्किटांच्या चित्राच्या डब्यात ठेवू नका. तुमच्याकडे दोन मुलं आहेत, ती त्या डब्याला खाऊच समजणार. औषधांच्या पट्ट्या मोबाइलच्या खोक्यात उभ्या लावा, संपण्याची तारीख दिसेल अशा, आणि खोकं वरच्या फळीवर.

मोबाइलच्या खोक्यावरून ट्रॉलीचं सांगते, कारण विकतच्या ऑर्गनायझरचे सगळ्यात जास्त पैसे लोक इथे घालवतात.  ट्रॉलीच्या कप्प्याला आतून आडव्या-उभ्या भिंती हव्या असतात, बस. मिठाईची अर्ध्या आणि एक किलोची खोकी त्याला उत्तम. नुसतं खोकं ठेवलं तर महिन्यात भिंती फाकतात. त्यासाठी झाकण काढून खोक्याच्या खालून चढवायचं. तळ दुहेरी होतो आणि भिंतींना बाहेरून आधार मिळतो. कप्प्याची आतली उंची मोजा, खोकं त्याहून बोटभर कमी ठेवा, नाहीतर वरच्या फळीला घासतं. खोकी शेजारी शेजारी लावून कागदाच्या काळ्या चिमट्यांनी एकमेकांना जोडा आणि शेवटी उरलेल्या फटीत टूथपेस्टचं खोकं ठोसून बसवा. कप्पा जोरात ओढला तरी काही सरकता कामा नये. सरकत असेल तर आठवड्यात सगळं परत एक होतं. चमचे, लिंबू पिळणी, काडेपेट्या, रबरं, पिशव्यांच्या क्लिपा, कपड्यांच्या कपाटातले मोजे-रुमाल, सगळ्याला हीच युक्ती. मिठाईच्या खोक्याला आतून तूप लागलेलं असेल तर ते घेऊ नका, मुंग्या आणि झुरळं दोन्ही येतात.

ऑनलाइन सामानाच्या तपकिरी खोक्यांना मी घरात जपूनच जागा देते. तुमच्याकडे चार महिने पाऊस. नालीदार पुठ्ठा हवेतला ओलावा पितो, मऊ पडतो, आणि त्याच्या नळ्यांत झुरळं घर करतात. रुपेरी किडे तर कागद आणि डिंक खाऊनच जगतात. म्हणून जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकून खोकं ठेवायचं नाही. माळ्यावर ठेवलंत तर मे महिन्यात आणि दिवाळीत उघडून बघायचं. खळीनं काही चिकटवू नका, कणकेची खळ म्हणजे किड्यांना आमंत्रण. पुठ्ठा कापून कप्पे करायचे असतील तर आतल्या नळ्या उभ्या राहतील असे कापा, आडव्या नळ्यांचा पुठ्ठा वजनानं लगेच बसतो. कागदपत्रं आणि फोटो पुठ्ठ्यात अजिबात नकोत. त्यांना घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आणि आत बूट-पर्सबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या. त्या पुड्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आणखी एक फुकटची वस्तू लोक सर्रास फेकतात. चादरी, ब्लँकेट, पडदे ज्यातून येतात त्या चेनच्या पारदर्शक पिशव्या. भाड्याच्या घरात तर त्या सोन्यासारख्या. गोधड्या, स्वेटर, पाहुण्यांच्या उशांचे अभ्रे, गणपतीची आरास असं प्रत्येकाला वेगळी पिशवी. करार संपला की तशीच उचलायची, परत बांधाबांध नाही. दहा किलो तांदळाच्या चेनवाल्या पिशव्याही याच कामाच्या, फक्त उलट्या करून झटका आणि धुऊन वाळवा, शिवणीत तांदूळ राहिला की टोके आलेच. रेशमी साड्या मात्र प्लास्टिकमध्ये कोंडू नका. ओलावा आत अडकतो आणि जरीचे काठ काळे पडतात. पैठणीला जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडाच हवा. संत्र्या-लसणाच्या जाळीच्या पिशव्या खिळ्याला अडकवा, कांदे-लसूण हवेशीर राहतात.

पत्र्याचा पंधरा किलोचा तेलाचा डबा आता घरोघरी येत नाही, पण सासूबाईंकडे एखादा असेलच. पूर्वी वरचा पत्रा कापून बिजागरीचं झाकण बसवून देणारे असत, काही बाजारांत अजून आहेत. गंज नसेल तर बारा-तेरा किलो गहू त्यात जातो, आणि उंदराला तो पोखरता येत नाही. प्लास्टिकचं पिंप येतं. कापलेली कड आत दुमडलेली आहे ना ते हात फिरवण्याआधी डोळ्यांनी बघा.

जे उरेल ते भंगारात घाला, यजमान तेवढ्यापुरते बरोबर आहेत. पण धुऊन, वाळवून, झाकण वेगळं करून द्या. दुधाच्या पिशव्याही धुऊन द्या, आणि कापताना कोपऱ्याचा तुकडा पिशवीला चिकटून राहू द्या. तो सुटा कपटा वेचणाऱ्याच्या हाती लागतच नाही. खरकटा, तेलकट डबा वेचणाऱ्या बायकांच्याही कामाचा नसतो. सासूबाईंकडून एकदम ढीग हलवून घेऊ नका. त्यांना "कधीतरी लागेल"चं ते एक खोकं द्या आणि त्यात काय राहील ते त्यांनाच ठरवू द्या. बहुतेक वेळा त्याच मोठमोठे डबे आधी बाहेर काढतात, कारण त्यांनी खोकं लवकर भरतं.

गॅलरीतल्या डब्यांचं मात्र आजच करा. पावसाचं पाणी साचलेल्या कुठल्याही भांड्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. झाकणात साचलेलं पाणीसुद्धा त्याला पुरतं. रिकामे असतील ते आत घ्या किंवा पालथे घाला. रंगाची मोठी बादली असेल तर तिच्यात कढीपत्ता किंवा गवती चहा लावू नका, खायचं झाड रंगाच्या डब्यात नको. जास्वंद चालेल. तळाला चार-पाच भोकं हवीत. तापवलेल्या सळईनं पडतात, पण ते गॅलरीतच करा आणि मुलांना आत ठेवा, वितळलेल्या प्लास्टिकचा धूर वाईट असतो.